तोंडातला अंगठा

"डॉक्टर, आता तुम्हीच हिला जरा घाबरवा," दवाखान्यात पाय ठेवता ठेवता आजींनी सांगून टाकलं. त्यांच्यामागे आई, आईच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ आणि आईच्या ओढणीआड साडेपाच वर्षांची मुलगी. तिच्या उजव्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर आजींनीच सगळं सांगितलं. अंगठा तोंडातून सुटत नाही म्हणून चार दिवसांपूर्वी झोपताना त्यावर मिरची वाटून लावली होती. पोरीनं झोपेत डोळे चोळले. मग रात्री साडेबाराला अख्खं घर जागं, न्हाणीघरात नेऊन डोळ्यांवर पाण्याचे हबके, मुलीच्या किंकाळ्या आणि त्या आवाजानं उठलेलं तान्हं बाळ. सांगताना आजींचेच डोळे पाणावले. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, "पण करायचं काय? पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. आत्ताच सगळे हसतात."

मी मुलीला खुर्चीत बसवलं आणि चिकटपट्टी सोडवली. अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या दातांची तपासणी मी अंगठ्यापासूनच सुरू करते. बाकीच्या नऊ बोटांवर खडूचे, मातीचे, चिवड्याचे डाग असतात; हे एक बोट मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख. थोडं पांढुरकं, सुरकुतलेलं आणि सांध्याच्या वर दातांच्या दाबानं पडलेला एक घट्टा. मग तिला दाढा मिटायला सांगितल्या. दाढा जुळल्या, पण पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट राहिली. मी काही विचारायच्या आतच तिनं अंगठा त्या फटीत घालून दाखवला. बरोब्बर बसला.

लहान मुलांच्या दातांवर काम करताना अशी कुटुंबं मला वारंवार भेटतात. त्यांची ठेवण ठरलेली असते. मूल गप्प, आई अपराधी आणि कुणीतरी एक मोठं माणूस रागावलेलं. सवय म्हटली की ती लागली कुठून, लावली कुणी, याचा शोध सुरू होतो. आईनं फार लाड केले, आई नोकरीला गेली, पाळणाघरात दुसऱ्या मुलांचं बघून शिकली. खरं उत्तर यातलं एकही नाही. अंगठा चोखायला मूल आईच्या पोटात शिकतं.

गर्भ अंगठा चोखताना सोनोग्राफीत अनेकदा दिसतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पीटर हेपर यांनी तर गर्भ कुठल्या हाताचा अंगठा चोखतो याच्या नोंदी ठेवल्या आणि तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. २००५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० मुलं होती, ती सगळीच्या सगळी उजवी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी निघाली. म्हणजे आजी ज्या खोडीला मिरची लावत होत्या, तिची मुळं नातीच्या जन्माच्या आधीची होती.

निसर्गानं ही तालीम पोटातच सुरू करावी याला कारण आहे. जन्मल्याबरोबर बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एकमेकींच्या पायात न येता कराव्या लागतात. हा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याच्या आधी जन्मलेल्या बाळांना म्हणूनच नळीनं दूध द्यावं लागतं. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नवजात अतिदक्षता विभागात नळीनं दूध देतानाच छोटी चोखणी चोखू देतात, किंवा दूध पिळून काढल्यावर आईच्या स्तनाशी धरतात. पोटात काही जात नाही, तरी फायदा होतो. अशी बाळं नळीवरून तोंडानं दूध प्यायला लवकर शिकतात आणि लवकर घरी जातात, असं अभ्यासांत दिसलं आहे. चोखण्यानं बाळ शांतही होतं. नवजात बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घेताना त्याला चोखायला काही दिलं, तर ते कमी रडतं.

थोडक्यात, चोखण्याचे दोन प्रकार आहेत. एक पोट भरण्यासाठी, दुसरा मन निवण्यासाठी. दुसरा प्रकार पहिल्याइतकाच स्वाभाविक आहे. तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करण्याची दुसरी साधनं नसतात. ते उठून गॅलरीत जाऊ शकत नाही, चहा टाकू शकत नाही, मैत्रिणीला फोन करू शकत नाही. त्याच्याजवळ आहे तो हात. पाच-सहा महिन्यांचं झालं की पायाचा अंगठाही हाती लागतो. वटपत्रावर पहुडलेला, पायाचा अंगठा चोखणारा बाळकृष्ण आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतीवर असतो. ज्यानं पहिल्यांदा ते चित्र काढलं, त्यानं एखादं बाळ फार नीट पाहिलेलं असणार.

हात तोंडात म्हणजे दूध पुरत नाही?

या स्वाभाविक गोष्टीचा चुकीचा अर्थ लावल्यानं होणारं पहिलं नुकसान दातांचं नसतं. ते होतं दात यायच्याही आधी, आणि मला वाटतं ते जास्त मोठं आहे.

अगदी नवजात बाळ तोंडाकडे हात नेतं, मुठी चोखतं, मान वळवून काहीतरी शोधतं, तेव्हा ती भुकेची लवकरची खूण असू शकते. तेव्हा त्याला छातीशी घ्यावं. रडणं ही भुकेची फार उशिराची खूण आहे. रडून रडून बेजार झालेलं बाळ धड पीतही नाही. इथपर्यंत आजी-मावश्यांचं निरीक्षण बरोबर असतं. पण बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की हात त्याच्या ताब्यात येऊ लागतात आणि हाती लागेल ते सगळं तोंडात जातं: मूठ, दुपट्याचं टोक, खुळखुळा, आईची हनुवटी. जग कसं आहे हे ते तोंडानं तपासत असतं. नेमक्या याच वेळी घरात वाक्य येतं, "बघ, कसं हात चोखतंय. तुझं दूध पुरत नाही त्याला." दोन दिवसांत पावडरच्या दुधाचा डबा येतो, मागोमाग बाटली येते. बाटलीनं पोट भरलेलं बाळ आईला कमी ओढतं, कमी ओढल्यानं दूध खरोखरच कमी होतं, आणि वाक्य खरं ठरतं.

दूध पुरतं की नाही हे बाळाच्या हातावरून ठरवायचं नसतं. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा शू होते का आणि वजन वाढतं आहे का, हे पाहायचं. दोन्ही ठीक असेल तर हात चोखू द्यावा. फक्त तो हात, खेळणी आणि बाळाला घेणाऱ्यांचे हात स्वच्छ ठेवावेत. पुढे बाळ रांगायला लागलं की ही स्वच्छता आणखी महत्त्वाची, कारण जमिनीवरचं सगळं बोटांवाटे तोंडात जातं. जंतांची अंडी त्यातच येतात. एक वर्षापुढच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना अंगणवाडीत जी गोळी देतात, ती चुकवू नये.

चोखणीचं काय करायचं?

रबराच्या किंवा सिलिकॉनच्या चोखणीला कुणी चुपणी म्हणतं, कुणी निपल, आणि आता दुकानात पॅसिफायर म्हणूनच मागतात. वस्तू नवी वाटली तरी कल्पना जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररच्या १५०६ सालच्या एका चित्रात बाळ येशूच्या हातात कापडाची गाठ मारून केलेली चोखणी आहे. अशा गाठींत गोड काही भरून ती बाळाला देत. आपल्याकडेही मधाचं बोट चाटवणं आहेच. मध मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठल्याही रूपात देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मधात बुडवलेली चोखणी तर नकोच. ज्यांना दात आलेत, त्यांचे दात त्यानं किडतातही.

चोखणी द्यावी की नाही, यावर जगातले तज्ज्ञही एका सुरात बोलत नाहीत, आणि पालक गोंधळतात ते त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्या. त्यातली नववी पायरी स्पष्ट होती: अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नका. २०१८ मध्ये या पायऱ्या सुधारल्या, तेव्हा तिथे बंदीऐवजी 'बाटली, निपल आणि चोखणी यांचे उपयोग आणि धोके आईला समजावून सांगा' अशी भाषा आली. दुसरीकडे अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २००५ पासून सांगते आहे की झोपवताना बाळाला चोखणी द्या, कारण झोपेत अचानक होणारे बालमृत्यू त्यानं कमी होतात. मात्र बाळ अंगावर पीत असेल, तर स्तनपान नीट बसेपर्यंत थांबा, असंही तीच संघटना सांगते.

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आपल्या घरांतली परिस्थिती पाहून निवड करायची, तर माझा कौल चोखणीशिवाय सुरुवात करण्याकडे आहे. आईच्या पहिल्या काही आठवड्यांत दूध किती बनणार हे बाळ किती वेळा ओढतं यावर ठरतं. त्या काळात तोंडात चोखणी असली की भुकेची लवकरची खूणच दिसत नाही. शिवाय चोखणी म्हणजे दिवसातून वीसदा खाली पडणारी वस्तू. ती दर वेळी उकळणं कुणाला जमतं? ती साडीला पुसली जाते, नाहीतर आई स्वतःच्या तोंडात घालून बाळाला देते, आणि तिच्या तोंडातले दात किडवणारे जंतू बाळाकडे जातात. पडू नये म्हणून चोखणीला काळा दोरा बांधून गळ्यात अडकवणं हा तर जिवाशी खेळ आहे. फास बसू शकतो. पाळण्याच्या कठड्यालाही ती बांधायची नाही.

तरीही एखाद्या घरी चोखणी लागते. जुळी बाळं, संध्याकाळी दोन-दोन तास रडणारं बाळ, एकटी आई. अशा आईला मी रागवत नाही. चोखणी द्या, पण स्तनपान नीट बसल्यावर, साधारण महिनाभरानं. अखंड एका तुकड्याची, ओठांपाशी रुंद चकती असलेली आणि चकतीला हवेसाठी भोकं असलेली घ्या. चीर पडली की फेकून द्या. दिवसभर तोंडात ठेवू नका, फक्त झोपताना द्या. सहा महिन्यांनंतर कमी करत न्या. हे शेवटचं का, त्याचं उत्तर फिनलंडमधल्या एका अभ्यासात आहे. तिथल्या बालतपासणी केंद्रांत काही पालकांना चोखणी फक्त झोपेपुरती ठेवायला समजावलं गेलं. त्यांच्या मुलांमध्ये कानाच्या संसर्गाचं प्रमाण इतरांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी राहिलं. घशातून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, आणि सततच्या चोखण्यानं घशातले जंतू तिकडे सरकणं सोपं होतं, असं मानलं जातं. दिवसभर तोंड भरलेलं असलेलं मूल बडबडतही कमी, हे तर डोळ्यांना दिसतं.

मग अंगठा बरा की चोखणी? चोखणीचा एक फायदा मान्य करायलाच हवा. ती एक दिवस हरवते.

फट कशी पडते?

दात जबड्यात फरशीसारखा पक्का बसवलेला नसतो. तो हाडातल्या खाचेत सूक्ष्म तंतूंवर टांगलेला असतो, आणि हलका पण सततचा दाब मिळाला की त्याच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. तारा लावून आम्ही वाकडे दात सरळ करतो ते याच गुणाच्या भरवशावर. अंगठाही तारेसारखाच काम करतो, फक्त उलट्या दिशेनं. वरचे पुढचे दात तो बाहेर ढकलतो, खालचे आत दाबतो आणि मध्ये असल्यामुळे दोघांना एकमेकांपर्यंत वाढू देत नाही. ती झाली पुढची फट. शिवाय चोखताना गाल आत ओढले जातात. एरवी जीभ टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देत असते; अंगठा किंवा चोखणी असताना ती खाली दबते. बाहेरून गालांचा दाब, आतून आधार नाही, त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो आणि दाढा मिटल्यावर वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडतात. हा दुसरा दोष चोखणीच्या मुलांत जास्त दिसतो.

यात जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. टीव्ही बघताना दहा मिनिटं अंगठा तोंडात घालणारं मूल आणि रात्रभर न सोडणारं मूल यांत फार फरक आहे. दिवसाला सुमारे सहा तास दाब मिळाला की दात हलतात, असा दंतशास्त्राचा ढोबळ अंदाज आहे. म्हणून मी पालकांना पहिला प्रश्न "किती जोरात चोखते?" असा न विचारता "झोपल्यावर अंगठा बाहेर पडतो का?" असा विचारते. बऱ्याच जणांना उत्तर माहीत नसतं. मग त्या रात्री त्यांना मुलाच्या उशाशी दोन-तीनदा डोकावून यायला सांगते.

आणि वय. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांचा जन्मापासून माग ठेवून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. चार वर्षांपर्यंत किंवा त्यापुढे चोखणं चालू राहिलेल्या मुलांत जबड्याचे आणि दातांच्या ठेवणीचे दोष ठळक होते. त्याआधी सोडलेल्यांतही काहींत थोडे बदल उरले होते. माझ्या हिशेबात त्याचा अर्थ असा की दोन वर्षांपर्यंत काळजी करू नये, तीनच्या सुमारास चोखणी जाऊ द्यावी, चारच्या पुढे अंगठ्याबद्दल मुलाशी बोलायला लागावं आणि पक्के दात यायच्या आत, म्हणजे सहा वर्षांच्या आसपास, तो सुटलेला असावा. बहुतेक मुलांचा तो दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सुटतोही. वेळेत सुटला तर पुढची फट बरेचदा विनाउपचार भरून येते, कारण ओठ आणि जीभ आता त्या दातांना आपल्या जागी ढकलतात. जबडा अरुंद झाला असेल तर तो मात्र सहसा आपोआप रुंदावत नाही.

मूल सहा-सात वर्षांचं होऊनही चोखत राहिलं, तर जीभही ती फट भरायला शिकते. गिळताना ती पुढे येते, 'स' म्हणताना दातांमधून डोकावते. मग अंगठा सुटला तरी जीभ फट मिटू देत नाही आणि उपचार लांबतात. काहींच्या अंगठ्याला नखुरडं होतं, कातडी चिरते. हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीही मिरची लावायला पुरेसं कारण नाही.

भीती घालण्याची परंपरा जुनी आणि जगभरची आहे. फ्रँकफर्टच्या हाइन्रिख हॉफमन या डॉक्टरनं १८४५ मध्ये मुलांसाठी एक सचित्र पुस्तक काढलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराड नावाच्या मुलाकडे भलीमोठी कात्री घेऊन शिंपी येतो आणि त्याचे दोन्ही अंगठे कापून नेतो. पुस्तक अफाट खपलं. अमेरिकी सरकारच्या बालविभागानं १९१४ मध्ये मातांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बाळाच्या बाहीचं टोक बोटांवरून शिवून टाकण्याचा सल्ला होता. आपल्याकडे कडुनिंबाचा पाला, कारल्याचा रस, कोरफडीचा चीक. कडू चव तशी अपायकारक नाही, पण मुलाच्या नकळत लावलेली कडू चव म्हणजे फसवणूक. मिरची तर इजाच करते. भीती घालून अंगठा सुटत का नाही याचं कारण साधं आहे. मूल अंगठा चोखतं ते अस्वस्थ वाटलं की. आपण त्याला आणखी अस्वस्थ करतो.

एक गंमत सांगून टाकते. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर अभ्यास चालू आहे. तेराव्या वर्षी त्यांच्या त्वचेवर ॲलर्जीच्या चाचण्या झाल्या. लहानपणी अंगठाही न चोखणाऱ्या आणि नखंही न खाणाऱ्यांपैकी ४९ टक्के मुलांत चाचणी सकारात्मक आली. दोन्ही करणाऱ्यांत ३१ टक्के. बोटांवरच्या जंतूंशी लवकर ओळख झाल्यानं शरीराची प्रतिकारव्यवस्था नको तिथे चिडायची कमी झाली असावी, असा एक तर्क. दमा आणि धूळ-परागांची सर्दी यांत मात्र फरक आढळला नाही, त्यामुळे यावरून कुणी मुद्दाम अंगठा तोंडात देऊ नये. पण "घाण, घाण" म्हणून दिवसभर मुलाच्या हातावर चापट मारणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा लक्षात घ्यावा.

आता त्या मुलीकडे. दात पाहून झाल्यावर मी तिच्या आईला विचारलं, अंगठा कधी जास्त असतो? आई आठवू लागली. चार वर्षांची असताना जवळजवळ सुटला होता. पुन्हा सुरू झाला तो… आणि ती थांबली. कडेवरच्या बाळाकडे तिचं लक्ष गेलं. आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मुलीची झोपायची जागा आईजवळून आजीजवळ गेली होती, आणि घरातला प्रत्येक जण तिच्याशी दिवसातून सर्वांत जास्त वेळा जे बोलत होता ते "अंगठा काढ" हे.

सुटलेली सवय अचानक परत येते तेव्हा काय बदललं हे आधी शोधावं लागतं. नवं भावंड, नवी शाळा, घरातली भांडणं, आजारपण. कधी शाळेत कुणी त्रास देत असतं. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडेही दाखवावं लागतं, कारण वाढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथींमुळेही दातांची ठेवण बिघडते आणि सगळा दोष अंगठ्यावर जातो.

मी आरसा मुलीच्या हातात दिला आणि तिची फट तिला दाखवली. हे सगळं तिच्याशी बोलले, आई-आजींशी नाही. अंगठ्यानं दात कसे सरकतात ते प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं. मग विचारलं, तुला सोडायचाय का? तिनं बराच वेळ विचार केला. "दिवसा सोडीन," ती म्हणाली, "रात्री नाही." मी म्हटलं, ठीक, आधी दिवसा.

घरच्यांना दिलेली कामं तीनच होती. "अंगठा काढ" हे वाक्य महिनाभर बंद. अंगठा तोंडात गेलाच तर हातात काहीतरी द्यायचं, कणकेचा गोळा, मटार सोलायला, बाळाचा खुळखुळा धरायला. आणि रोज वीस मिनिटं आई फक्त तिची. तेव्हा बाळ आजीकडे. मुलीचं काम एकच. अंगठा न चोखता गेलेल्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर चांदणी काढायची. चांदणी चुकली तर कुणी काही बोलायचं नाही. सहा-सात चांदण्या झाल्या की तिनं ठरवलेली गोष्ट: तिनं ठरवलं, आईच्या शेजारी एक रात्र झोपायचं.

रात्रीसाठी तीन आठवड्यांनी ती स्वतःच तयार झाली. झोपेत अंगठा तोंडात जातो तो मुलाच्या इच्छेविरुद्धही, त्यामुळे तिथे आठवण करून देणारं काही लागतं. हातावर मऊ सुती मोजा, किंवा कोपराभोवती सैलसर गुंडाळलेला क्रेप बँडेज, म्हणजे हात वाकताना थोडा अडतो आणि मूल स्वतःच थांबतं. बँडेज इतका सैल हवा की आत दोन बोटं जातील. कडू लावायचंच असेल तर तेही मुलाला सांगून, त्यानं होकार दिल्यावर, फक्त आठवण म्हणून. हे सगळं करूनही सहा-सात वर्षांच्या मुलाची सवय सुटत नसेल आणि मुलाला ती सोडायची असेल, तर वरच्या दाढांना कड्या बसवून टाळूमागे तारेची छोटी जाळी लावतात. अंगठा टाळूला टेकत नाही, चोखण्यातली मजा जाते. काही महिने ती ठेवावी लागते आणि सुरुवातीचे दिवस खाता-बोलताना त्रास होतो. मुलाला नको असताना ही जाळी लावली, तर तिचं रूपांतर तोंडातल्या मिरचीतच होतं. मी ती क्वचित वापरते.

सहा महिन्यांनी हे कुटुंब पुन्हा आलं. मुलीची दोन उंदरी दात पडून गेली होती आणि खाली पक्क्या दातांच्या कडा दिसत होत्या. फट निम्म्याहून कमी झाली होती. उजव्या अंगठ्यावर शाईचा डाग होता आणि नखात माती. आजी म्हणाल्या, "ताप आला की अजून घालते हो कधीकधी." मी म्हटलं, ताप आल्यावर घालू द्या. तेवढ्यात कडेवरच्या भावानं, आता सव्वा वर्षाच्या, स्वतःचा अंगठा तोंडात घातला. आजींचा हात सवयीनं पुढे गेला आणि नातीनं तो धरला. "आजी, तो अजून लहान आहे," ती म्हणाली.